वहिनीच्या कपाळावरचा लाल रुमाल

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावर सावटबाबाने एका मास्तरांच्या कपाळावर पिवळसर रुमाल दाबला, मंत्रजलात हात बुडवून त्यावरून फिरवला आणि रुमाल लालभडक झाला!

"बघा! मनावरचं सावट उतरलं!" बाबा गरजला. "उदासी म्हणजे घरात घुसलेला भाडेकरू. नोटीस मी देतो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढचा नंबर माझ्या वहिनीचा. तिचा हा चौथा रविवार.

वहिनी शिवणकारखान्यात कापड बेतायची. तिच्या कात्रीला चूक ठाऊक नव्हती. पण तीन महिन्यांपासून तिचं जेवण सुटलं, झोप उडाली, वेणी घालायचंही तिच्या जिवावर यायचं. एकाच हाताच्या दोन बाह्या कापल्या, तेव्हा मालकीणबाईंनी तिला घरी पाठवलं. "आळस, दुसरं काय!" आई म्हणाली. दादाने बाबा गाठला. बाबाने तिसऱ्या खेपेला निकाल दिला, "मी काढतोय, पण हीच सावट सोडत नाही."

वहिनीने ते खरं मानलं. शनिवारी भांडी विसळताना ती म्हणाली, "ताई, मी नसले तर तुम्ही सगळे सुटाल."

मी नळ बंद केला. "वहिनी, जीव द्यायचा विचार येतो का?"

तिने हातातलं ताट खाली ठेवलं. मग होकारार्थी मान हलवली.

मी दादाला सांगितलं, तर तो म्हणाला, "उद्या बाबांच्या कानावर घालू." वहिनीला एकटं सोडायचं नव्हतं, म्हणून मीही गेले.

वहिनीच्या कपाळावरचा रुमाल लाल होताना मी पहिल्यांदाच जवळून पाहिला. मी अठरा वर्षं लाँड्रीत डाग काढते. तो लाल रंग मी रोज बघते! सरळ मंचावर चढले, बाबाच्या मंत्रजलात हात बुडवला आणि त्याचाच एक पिवळसर रुमाल माइकच्या दांड्यावर दाबला. लाल!

"बाबा, हा दांडापण उदास आहे का हो?"

लोक हसले. बाबाच्याच पूजेच्या ताटातलं लिंबू मी त्यावर पिळलं. रुमाल पुन्हा पिवळा.

"आता भाडेकरू परत आला वाटतं! अहो, रुमालाला हळद आहे आणि पाण्यात धुण्याचा सोडा. उद्या लाँड्रीत या, फुकट दाखवते."

"पापी बाई! मंत्र बाटवलास!" बाबा ओरडला.

"पण मला बरं वाटलं होतं," मास्तर पुटपुटले.

"वाटलं असेल, मास्तर. पण ते टिकलं का?"

त्यांनी मान खाली घातली. तेवढ्यात वहिनी बाबासमोर उभी राहिली. "माझ्यातून काही निघतच नव्हतं. मग बरी होत नाही याचा दोष माझ्या माथी का मारलात?"

बाबाने मंत्रजलाचं भांडं उचललं आणि तो मंचामागे सटकला.

आम्ही तिथूनच रुग्णालय गाठलं. डॉक्टरीणबाईंनी तासभर ऐकून घेतलं. म्हणाल्या, "हे नैराश्य आहे. आजार आहे, उपचार आहेत. सध्या हिला एकटं ठेवू नका." दादा दाराकडे तोंड करून रडला.

पहिल्या गोळ्या वहिनीला मानवल्या नाहीत, त्या बदलाव्या लागल्या. दर आठवड्याला समुपदेशकाशी बोलणं होतं. तीन महिन्यांनी ती अर्धा दिवस कारखान्यात जाऊ लागली. काही सकाळी अजून जड जातात. तसं ती आता सांगते, आणि आई "आळस" म्हणत नाही.

तुमच्या घरात कुणी असं विझत चाललं असेल, तर थेट विचारा. विचारल्याने मरणाचा विचार डोक्यात शिरत नाही. मनात कोंडलेलं बाहेर येतं. त्याला डॉक्टरकडे न्या, स्वतः सोबत जा. आणि विझणारं माणूस तुम्हीच असाल, तर आजच कुणा एकाला तरी सांगा. आजाराची लाज कसली? लाज आजारी माणसाला फसवणाऱ्याने बाळगावी.