बर्फातली बाटली

"हे बर्फात का ठेवलंय?" दवाखान्यातल्या तपासणीच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

भावनाने थर्माकोलचा डबा खिडकीच्या फळीवर ठेवून झाकण काढलं होतं. आत बारीक फोडलेला बर्फ होता आणि बर्फात मानेपर्यंत रुतवलेली छोटी प्लास्टिकची बाटली.

"तुमीच बोल्ला ना, ताजा माल आणा म्हणून," भावना म्हणाली. "नवापूरवरनं आनायचा. वाटेत खराब झाला असता."

बाईंनी बाटली उचलून उजेडात धरली. ओठ दाबून हसू आवरायचा त्यांनी प्रयत्न केला, पण ते आवरलं नाही.

"ताई, अहो हे काय पापलेट आहे?"

मागे रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. तिचा नवरा कमलेश दोन पावलं मागे सरकून भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र वाचू लागला. दर्यावर वाऱ्याला न भिणारा माणूस, पण त्या खिडकीसमोर त्याला आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना.

"पुरुषाचं वीर्य थंड करायचं नसतं," बाई आता नीट समजावून सांगू लागल्या. "अंगाच्या उबेत ठेवून लगेच आणायचं. बरं, बसा. बघते तरी."

कमलेशने नसबंदी करून घेतली ती पावसाळ्यात, मासेमारी बंद असताना. होडी किनाऱ्याला ओढलेली होती, त्यामुळे विश्रांती आपोआप मिळाली. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की ऑपरेशन झालं म्हणजे लगेच सुटलात असं नाही. काही महिने जपायचं, मग तपासणी करायची, आणि तपासणीत काही सापडलं नाही तरच निर्धास्त व्हायचं. ती तपासणी आज होती.

थोड्या वेळाने बाई बाहेर आल्या आणि दोघांना कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "अगदी थोडे शुक्रजंतू दिसतायत. हालचाल नाही. पण ते आधीपासूनच मेलेले होते की तुमच्या बर्फाने मेले, ते मला आता कसं कळणार? महिन्याने परत या. तोवर आधीसारखंच जपायचं. राहिलेले असतील तर दिवस जाऊ शकतात."

"म्हंजे अजून हायत?" भावनाने विचारलं.

"असू शकतात."

कमलेश तिच्याकडेच बघत होता, आणि तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलेलं त्याने पाहिलं. ती काळजी नव्हती. बायकोच्या तोंडावरची काळजी त्याला ओळखता येत होती. हे दुसरंच काहीतरी होतं.

त्या दिवसापासून एक विचार त्याच्या डोक्यात घुसून बसला. भावना कळायला लागल्यापासून मासळी विकत होती. बोईसरच्या बाजारात भल्याभल्या गिऱ्हाइकांना गप्प करणारी बाई. ती असा घोळ करेल? की तपासणी फसावी म्हणून तिने मुद्दाम बाटली बर्फात ठेवली?

ऑपरेशन तसं त्यानेच पुढे होऊन केलं होतं. रुचिता झाली तेव्हा भावनाचं पोट कापावं लागलं. मोनालीच्या वेळी पुन्हा. त्या दुसऱ्या वेळेला रक्त थांबेना. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आई वाचली, पण पिशवी आता फार पातळ झाली आहे, तिसरं मूल हिच्या जिवावर बेतेल. तिथेच भावनाचं ऑपरेशनही उरकायचं ठरलं होतं, पण तेवढी ताकद तिच्या अंगात उरली नव्हती. पुढे चार वर्षं दोघं जीव मुठीत धरूनच राहिले. एखाद्या महिन्यात चार दिवस वर गेले की भावनाला घास गिळत नसे. शेवटी एका रात्री जेवता जेवता कमलेश म्हणाला, "तुझं पोट दोनदा फाडलं. आता माझी पाळी."

त्याची आई नवसी चुलीपाशी बसली होती. ती उठून पडवीत गेली आणि दोन दिवस मुलाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते एवढंच, "एक पोरगा झाला असता, मग करायचा व्हता काय ते."

होडीवर बातमी पोचायला वेळ लागला नाही. होडीचा म्होरक्या पुंडलिक तांडेल तर मोकळ्या तोंडाचा माणूस. भर दर्यात, सगळे खलाशी ऐकत असताना तो ओरडला, "काय रं कमळ्या, इंजिन बंद केलंस म्हने?"

"इंजिन चालू हाय तांडेल," कमलेश म्हणाला. "जाळी तेवढी काढलीत."

सगळी होडी हसली, पुंडलिक सगळ्यात जास्त. त्यानंतर त्याला कुणी फारसं छेडलं नाही. उलट चहाच्या वेळी एका खलाशाने हळूच बाजूला येऊन विचारलं होतं, "लय दुकतं काय रं?"

हसून उत्तर देणं सोपं होतं. पण घरी मोनाली आजीच्या मांडीवर झोपलेली दिसली की कमलेशला वाटे, असं एवढंसं पोर आता आपल्या घरात पुन्हा येणार नाही. मुलगाच हवा असंही नव्हतं. फक्त एवढंसं, मुठी आवळून झोपलेलं. मग तो उठून काहीतरी काम काढी.

दवाखान्यातून आल्यावर चार-पाच दिवसांनी दोघं किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होते. बांबूच्या वलांडीवर दोऱ्या ताणलेल्या होत्या. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. हे बायकांचं काम. पण होडीला सुट्टी होती, म्हणून कमलेश मदतीला आला होता. भावनाच्या दहा जोड्या व्हायच्या तेव्हा त्याच्या तीन होत.

"असं टाकलं तर वाऱ्यानं पडतील ते," ती म्हणाली. "दात अडकवा नीट."

त्याने दात अडकवले. मग दोरीकडेच बघत विचारलं, "तू मुद्दाम ठेवलंस काय बर्फात?"

भावनाचे हात थांबले. "काय बोल्लात?"

"बाटली. मुद्दाम ठेवलीस?"

"डोकं फिरलंय काय तुमचं?" तिचा आवाज एवढा चढला की पलीकडच्या वलांडीवरच्या बाया वळून बघू लागल्या. तिने आवाज खाली आणला. "आयुष्य गेलं माझं बर्फात हात घालून. ताजं म्हटलं की हात आपसूक बर्फाकडं जातो. मला वाटलं, चांगलं होईल. मी काय दगा देईन तुमाला?"

"तसा नाय बोललो मी."

"तसाच बोललात."

ती पुन्हा कामाला लागली. जोडीमागून जोडी दोरीवर पडत होती. कमलेशला वाटलं, आता ही आठवडाभर बोलायची नाही. पण टोपली रिकामी झाल्यावर ती वाळूतच बसली, हात पदराला पुसले आणि समुद्राकडे तोंड करून म्हणाली, "मुद्दाम नाय केलं. देवाशपथ. पन ती बाई बोलली ना, अजून असतील म्हनून, तवा मला बरं वाटलं."

कमलेश तिच्या शेजारी बसला.

"लाज वाटली मला," ती म्हणाली. "तुमी माझ्यासाठी सुरीखाली गेलात. सगळ्यांचं ऐकून घेतलंत. आनी मला बरं वाटतंय. कसली बाई मी?"

"मला पन वाटलं."

तिने मान वळवली. "काय?"

"बरं वाटलं. खिडकीपाशी. घडीभर."

"आनी मला इचारता मुद्दाम ठेवलंस काय!" तिने वाळूची मूठ त्याच्या पायावर टाकली. हसली, आणि हसता हसता डोळे भरून आले. "ऐका. मला मरायचं नाय. ह्या दोघींना मोठ्या झालेल्या बघायचंय. ते पन खरं, आनी हे पन खरं. दोन्ही हाय माझ्या पोटात. मी काय करू?"

कमलेश म्हणाला, "मग आता जाऊ या ना तपासायला? का ऱ्हाऊ दे?"

हे त्याने मनापासून विचारलं होतं. ती नको म्हणाली असती तर तो थांबला असता, आणि मग दर महिन्याला ती पुन्हा जीव मुठीत धरून बसली असती.

भावना उठली. टोपली उचलून म्हणाली, "जाऊ या. बर्फ नाय न्यायचा पन."

महिना झाल्यावर दुसरी अडचण आली. घर दोन खोल्यांचं, मध्ये पातळ भिंत, आणि बाटली भरायची ती सकाळीच. कमलेश सकाळपासून आत-बाहेर करत होता. भावना उगाचच घासलेली भांडी घासत होती. नवसी पडवीत बसून दोघांकडे बघत होती. कुणी तिला काही सांगितलं नव्हतं, पण ती याच घरात म्हातारी झाली होती.

अखेर ती उठली आणि दोन्ही नातींना हाक मारली. "चला गं, समुद्रावर. शिंपले येचायचे."

"आता?" रुचिता म्हणाली. "माझा अभ्यास..."

"शिंपले काय तुझ्या अभ्यासासाठी थांबतात? चल म्हटलं ना."

दारातून बाहेर पडताना ती थांबली आणि सुनेकडे न बघता म्हणाली, "भावने, माझ्या सासूनं मला कवा इचारलं नाय, तुजा जीव किती हाय म्हनून. सात झाली, तीन राहिली. मी पन तुला इचारलं नाय. जावा तुमी. जेवन मी करते."

नातींचे हात धरून ती निघून गेली. भावना हातात तसंच पातेलं घेऊन उभी राहिली.

या वेळी बाटली कमलेशने शर्टाच्या आत, बनियनला चिकटवून ठेवली आणि वर हात दाबून धरला. शेअर रिक्षात शेजारच्या म्हाताऱ्याने विचारलं, "छातीत दुकतंय काय?"

"नाय, काका. बरा हाय."

भावनाने तोंड पदरात लपवलं. तिचे खांदे हसण्याने हलत होते.

खिडकीत त्याच बाई होत्या. बाटली हातात घेताच म्हणाल्या, "वा! गरम आहे आज." मग आत गेल्या. या वेळी दोघं बाकावर शेजारी शेजारी बसले. भावनाने बांगड्या वर सारल्या, खाली आणल्या, पुन्हा वर सारल्या.

बाई बाहेर आल्या. "काही नाही. स्वच्छ. आता बिनघोर राहा. डॉक्टरांना दाखवून घ्या जाताना."

"येक पन नाय?" भावनाने विचारलं.

"एकही नाही, ताई."

"बरं झालं," भावना म्हणाली. मग जरा थांबून पुन्हा म्हणाली, "बरं झालं."

बाहेर येऊन तिने मोठा श्वास घेतला. बाजारातून पोरींसाठी चिक्की घेतली, सासूसाठी पानं घेतली. कमलेशला म्हणाली, "आज मला लय भूक लागलीय." तिथेच उभं राहून तिने दोन वडापाव खाल्ले. एवढं निवांत खाताना त्याने तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

परतीच्या रिक्षात समोर कारखान्यातल्या कुणा कामगाराची बायको चढली. मांडीवर पोर, हातात दोन पिशव्या, डोळ्यांत झोप.

"दीदी, जरा पकड़ोगी? सामान गिर रहा है."

भावनाने पोर घेतलं. ते तिच्या खांद्यावर मान टाकून लगेच झोपलं. थोड्या वेळाने ती बाईही पिशव्यांवर डोकं टेकून झोपली.

"नवापूर! नवापूर उतरा!" रिक्षावाला ओरडला.

कमलेश उठला. भावना उठली नाही. तिने झोपलेल्या आईकडे बोट दाखवलं आणि मान हलवली.

"ताय, उतरायचं नाय?" रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं.

"फुडं जाऊ दे," कमलेश म्हणाला आणि पुन्हा बसला.

शेवटच्या थांब्यावर ती बाई दचकून जागी झाली. भावनाने पोराचं सरकलेलं टोपडं सारखं केलं, त्याला उचललं आणि आईच्या हातात दिलं. "सोता है बहुत अच्छा," म्हणाली.

मग दोघं मागे वळून गावाकडे चालू लागले. ऊन चढलं होतं, समुद्रावरून वारा येत होता. भावना पुढे होती, चिक्कीचा पुडा हातात धरून. तिच्या खांद्यावर, पदरावर, पोराच्या लाळेचा तळहाताएवढा ओला डाग होता. तिने तो पुसला नाही. तो वाऱ्याने हळूहळू वाळत होता.