सत्तावीस इंची स्क्रीन

"बया बोलत नाहीये," नाना म्हणाले.

दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. अकराला मोठे साहेब येणार होते, खास नानांची परीक्षा घ्यायला.

"रुसली असेल," पलीकडच्या टेबलावरून आवक-जावकच्या बाई म्हणाल्या. "काल काही बोललात का तिला?"

बया म्हणजे नानांच्या कॉम्प्युटरवरची अक्षरं वाचून दाखवणारा आवाज. नानांना जन्मापासून दिसत नाही. अठरा वर्षं ऑफिसने त्यांना दाराजवळच्या खुर्चीत बसवून ठेवलं होतं. पगार पूर्ण, काम शून्य. अख्खं ऑफिस नानांचा हेवा करायचं आणि नाना अख्ख्या ऑफिसचा. अर्जावर अर्ज करून त्यांनी तक्रार नोंदणीचं टेबल मिळवलं होतं, तेही तात्पुरतं. आज साहेबांसमोर एक तक्रार बिनचूक नोंदवली तर टेबल कायमचं. नाहीतर पुन्हा खुर्ची.

नानांनी मशीन दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला. त्याला सगळे डॉक्टर म्हणत, कारण कुठल्याही आजारावर त्याचं औषध एकच.

"बंद करून चालू केलंत?"

"दोनदा."

"मग खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरचं चित्र दिसतंय का बघा."

"जन्मल्यापासून बघतोय," नाना म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

शिपाई धावत आला. "नाना, दहा पन्नास! साहेबांची गाडी निघाली म्हणे!"

"ओरडू नकोस, हात चालव. हा स्पीकर तुझ्या मोबाइलला लाव."

शिपायाने लावला. क्षणात ढोलकी आणि त्यावर ठसकेबाज गाणं असं काही कडाडलं की बाईंच्या हातातला शिक्का भलत्याच कागदावर उमटला.

"स्पीकर ठणठणीत," नाना म्हणाले. त्यांचा चेहरा आता रंगात आला होता. त्यांनी वायर पुन्हा मशीनला जोडली आणि तीन बटणं एकदम दाबली. मशीनमध्ये अडीअडचणीसाठी एक दुसरी वाचणारीही असते. तीही गप्प!

"दोघी एकदम मुक्या! म्हणजे दोष बयेत नाही. ती बोलतेय रे, पण आवाज भलतीकडे चाललाय. तू ते स्पीकरचं चित्र दाब आणि काय लिहिलंय ते वाच."

"आवाज शंभर. आणि वर... नाना, वर स्पीकरचं नाव नाही. स्क्रीनचं आहे. नव्या स्क्रीनचं."

"कसली नवी स्क्रीन?"

ऑफिस एकदम शांत झालं. एरवी ते फक्त काम करायच्या वेळी इतकं शांत असे.

"सरप्राइज होतं," बाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "काल तुम्ही गेल्यावर बसवली. आम्ही म्हटलं, साहेब यायचेत, आपल्या नानांचं टेबल कसं भव्य दिसलं पाहिजे. चांगली सत्तावीस इंची आहे!"

सरप्राइज सकाळपासून नानांच्या नाकासमोर उभं होतं. त्यांनी हात पुढे केला. या काठापासून त्या काठापर्यंत बोटं फिरवली. बराच प्रवास झाला.

"हिला स्पीकर आहे?"

"कुठेच नाही," शिपाई मागून-पुढून बघून म्हणाला.

"बघ म्हणजे. चित्राच्या वायरीतून बयेचा आवाजही हिच्याकडे चाललाय आणि हिला तोंडच नाही. उपट ती वायर."

"नाना, वायर काढली तर दिसणार कसं?"

"कुणाला?"

शिपायाने वायर उपटली. स्क्रीन काळी पडली. नानांनी एक बटण दाबलं आणि बया बोलली! तिच्यापाठोपाठ दुसरीही बोलली. दोघी एकदम अशा काही सुटल्या की बाईंनी टाळ्याच वाजवल्या. त्या टाळ्यांत साहेब आत आले. त्यांना वाटलं, टाळ्या आपल्यासाठी आहेत. ते हसले. नानांनी झटकन दुसरीला गप्प केलं.

"हं, लिहा," साहेब म्हणाले. "शाळेमागच्या गल्लीत तीन दिवस दिवे नाहीत. तक्रार करणारी एक म्हातारी."

नानांची बोटं धावू लागली. बया त्यांच्या पुढे धावू लागली.

"पण मी तपासू कसं? स्क्रीन तर बंद आहे."

"ऐका ना, साहेब."

साहेबांनी कान दिला. बया भाजणीच्या दाण्यांसारखी तडतडत होती. "एक अक्षर कळत नाही हो!" साहेब म्हणाले.

नानांनी तिचा वेग उतरवला. एकदा, दोनदा, पाच वेळा. जिना चढताना वडीलधाऱ्यांसाठी थांबावं तसे ते साहेबांसाठी थांबत गेले. साहेबांनी डोळे मिटले आणि अख्खी तक्रार ऐकली. गल्ली, दिवे, तीन दिवस, म्हातारी.

"बिनचूक," ते म्हणाले. "उद्यापासून हे टेबल तुमचंच."

ऑफिसात गलका झाला. त्या धांदलीत शिपायाने नवी स्क्रीन उचलली आणि ठेवायला जागा मिळेना म्हणून दाराजवळच्या खुर्चीत नेऊन बसवली. चांगली भव्य दिसत होती. येणारा-जाणारा तिच्याकडे बघून आत जात होता.

तिला काही काम नव्हतं.