मालतीबाईंनी मला शाल घातली

हो, मीच बोलतेय. कळंबोलीच्या हौसेराव मंडपवाल्याची लाल मखमली खुर्ची. लग्नात नवरदेव आणि सभेत अध्यक्ष जिच्यावर बसतात ना, तीच. वरून सोनेरी रंग, आत लोखंड बाजारातल्या भंगाराचा पाइप. मी स्वतःच नकली, त्यामुळे दुसरा नकली माणूस मला बसल्या बसल्या कळतो. आणि माझ्यावर दुसरं बसतं कोण म्हणा!

हौसेराव साताऱ्याकडचा. मला टेम्पोत चढवताना दर वेळी ओरडायचा, "आरं, जपून! मोठ्या लोकांच्या बुडाखाली जायाची हाय ती." डोंबलाची मोठी लोकं! नवरदेव निदान घाबरलेले तरी असतात. अध्यक्षांना कशाची म्हणून लाज नाही. हार येताना दिसला की आधी केस सारखे करायचे आणि मग "अहो, कशाला, कशाला" म्हणत मान पुढे करायची.

नव्व्याण्णव साली सरकारनं संस्कृत वर्ष जाहीर केलं. झालं! ज्यांनी शाळेत फक्त मार्कांसाठी संस्कृत घेतलं आणि निकालाच्या दिवशी सोडलं, त्यांनाही एकदम उमाळे फुटले. नव्या मुंबईत सेक्टरा-सेक्टरात सत्कार सुरू झाले आणि माझी धिंड निघू लागली.

अशाच एका कार्यक्रमासाठी मला आदल्या दुपारी एका शाळेत नेलं आणि संस्कृतच्या वर्गात ठेवलं. वर्ग मालतीबाईंचा. उभी हयात त्यांनी तिथे शिकवण्यात घालवलेली. जूनपासून वर्ग बंद होणार अशी कुजबुज होती, त्या धास्तीनं बाई अर्ध्या झाल्या होत्या. इतक्यात संस्थेचे अध्यक्ष दिनानाथराव आले. बाईंना भेटायला नव्हे, मला बघायला. ऐसपैस बसून त्यांनी माझा फोम दाबून पाहिला.

"साहेब, वर्ग राहील ना?" बाईंनी उभ्या उभ्या विचारलं.

"काय बाई, किती टेन्शन घेता! सरकारनं एवढा मान दिलाय, जगातली महत्त्वाची भाषा म्हणून, आणि आपण वर्ग बंद करू? उलट या खोलीला पाटी लावतोय. एक झकास संस्कृत नाव सांगा बघू. पेंटर खाली थांबलाय."

बाईंचा चेहरा असा काही खुलला! लोक नावं मागायला त्यांच्याकडे नेहमीच यायचे. बाळाला नाव, बंगल्याला नाव, सोसायटीला नाव. पण आपल्याच वर्गाला नाव द्यायचं! क्षणभर डोळे मिटून त्या म्हणाल्या, "वाग्देवी." अध्यक्ष गेल्यावर मुलींना म्हणाल्या, "आपला वर्ग राहिला गं!" आणि त्या आनंदात पोरींनी सगळी बाकं धुऊन काढली.

दुसऱ्या दिवशी मैदानात समई लागली. दिनानाथराव तासभर बोलले. संस्कृत सगळ्या भाषांची आई, संस्कृत कॉम्प्युटरसाठी एकदम बेस्ट, जर्मनीत म्हणे लोक वेडे झालेत. त्या तासाभरात मराठी ऐकली, हिंदी ऐकली, इंग्रजी ऐकली. संस्कृतचं एक वाक्य ऐकलं असेल तर शपथ!

मग स्टेजवरच्या पाटीचा पडदा ओढला. 'वाग्देवी संगणक कक्ष'.

टाळ्या कडाडल्या. बाईंचे हात टाळीसाठी वर आलेले, ते तसेच राहिले. दिनानाथराव हसत हसत सांगून मोकळे झाले, जूनपासून त्या खोलीत कॉम्प्युटर येणार, संस्कृतचा तास बंद. "पण नाव मात्र संस्कृतच ठेवलंय हां!" मेल्या, नाव ठेवलंस आणि घर काढून घेतलंस! मला हलता येत असतं तर तिथेच पाय मोडून घेऊन त्याला आपटलं असतं.

वर आणि बाईंचा सत्कार! दिनानाथराव उठले, त्यांनी शाल-श्रीफळ बाईंच्या हातात दिलं आणि फोटोवाल्याकडे बघून हसले. बाई हसल्या नाहीत. त्या सरळ माझ्याकडे आल्या. शाल उलगडून माझ्या पाठीवर घातली, नारळ माझ्यावर ठेवला.

"हा मान या खुर्चीचा," त्या माइकजवळ येऊन म्हणाल्या. "नटवून ठेवता येते, हवी तिथे नेता येते आणि तोंडातून शब्द काढत नाही. तुम्हाला संस्कृत असंच हवंय."

आणि खाली उतरून निघून गेल्या. दिनानाथरावांनी काय करावं? नारळ उचलून बाजूला ठेवला आणि परत बसले. त्याच शालीला टेकून! बाईंचं बोलणं मला मात्र झोंबलं, कारण ते खरं होतं.

हौसेरावाची लेक वैष्णवी आता बाईंच्या घरी संस्कृत शिकते. घर लहान, पोरी दाराबाहेर जिन्यात बसतात, असं ती परवा गोडाऊनमध्ये बापाला सांगत होती. हौसेराव, ऐक बाबा! माझी मखमल फाड, सोनेरी रंग खरवडून काढ आणि मला त्या जिन्यात नेऊन ठेव. एखादी पोर माझ्यावर बसून मोठ्यानं काही वाचेल. माझ्यावर बसून कुणी खरं बोललेलं मला एकदा ऐकायचंय.

पण कसलं काय! टेम्पो दारात लागलाय. उद्या पुन्हा दिनानाथरावच अध्यक्ष आहेत आणि सत्कार आहे मराठीचा. बये मराठी, सांभाळ गं. पाटीसाठी नाव मागायला आले, तर आधी विचार, खोली कुणाची?