चौकशी फूलवालीकडे

गायत्री तूळीत झोपली की माझी कचेरी उघडते. अम्मांची, म्हणजे सासूबाईंची, जुनी साडी छताच्या कडीला बांधलीय, तीच तूळी. एका पायाने झोका द्यायचा, दोन्ही हातांनी टंकायचं.

काम चेन्नईच्या एका संस्थेचं. एक मोठा देश दोस्त देशाच्या सैन्याला बंदुका देतो. अट एकच: ज्या तुकडीने माणसांवर अत्याचार केले तिला द्यायच्या नाहीत. ती तपासणी संस्थेकडे; मी कागद वाचून खूण करायची, ‘तक्रार नाही’ किंवा ‘थांबवा’. दुपारी दोनच्या आत अकरा तुकड्या. वेळेत देणाऱ्यांनाच पुढचं काम.

दहा झाल्या. अकराव्या तुकडीच्या कागदांत एक गाव होतं, सात माणसं बेपत्ता. खाली सेनापतीचं पत्र: आमची मुलं शिस्तीची आहेत.

‘तक्रार नाही’वर बोट नेलं आणि तिथंच राहिलं.

"काय गं, थबकलीस?" शेंगा सोलता सोलता अम्मा म्हणाल्या. मी सांगितलं.

"मग चौकशी कोणाकडे केली?"

"सेनापतीकडे."

अम्मांनी शेंग खाली ठेवली. "नवऱ्यामुलाची चौकशी त्याच्या आईकडे?"

आमच्या राजवाड्यामागच्या गल्ल्यांत स्थळाची चौकशी नातलगांकडे करत नाहीत. त्या घरी रोज फुलं घालणारीला विचारतात, इस्त्रीवाल्याला विचारतात. कोण पितं, कुठं भांडी आपटतात, त्यांना ठाऊक.

"माझ्या बाबांनी तर तुम्हालाच विचारलं होतं."

"तेच सांगते. मी म्हटलं, आमचा गिरीश शांत आहे. फूलवालीनं सांगितलं असतं, शांत असायचाच, दहापर्यंत उठत नाही."

पेपरामागून मामंजी बोलले, "साईप्रिया, ‘योग्य चौकशी केली’ असं लिही नि पाठव. तीस वर्षांत माझ्याकडे एक फाइल अडली नाही."

"म्हणून तर मागच्या गल्लीतलं गटार दोनदा मंजूर झालं," अम्मा म्हणाल्या, "बांधलं एकदाही नाही."

दोनला चार मिनिटं कमी. तूळी हलायला लागली. मी पान पुन्हा वर सरकवलं. साक्षीदार: बेपत्ता मुलाची आई. जबाब: नाही. कारण: विचारलं नाही.

मी ‘थांबवा’ दाबलं. शेऱ्यात लिहिलं, ‘फक्त त्यांच्याच माणसांना विचारलंय. गावातल्या बायकांना विचारावं.’

पाच मिनिटांत संस्थेच्या गणेशकुमार सरांचा फोन. "मॅडम, तुमच्या दहाच पुढे आल्या."

"अकरा झाल्या, सर. एक थांबवली."

"ते बटण चालतं?" ते खरंच चकित झाले होते. "चार वर्षांत कोणी दाबलेलं नाही. आता ते कागद मला वाचावे लागणार. पुढच्या कामाचं त्यानंतर बघू."

गायत्री रडायला लागली होती. तिला उचलून खांद्यावर घेतलं, तसं तिनं माझा पदर तोंडात कोंबला.

"वाचा, सर," मी म्हटलं. "सहाच पानं आहेत. मूल मांडीवर असलं तरी वाचून होतात."