चाळीस टक्के कशात?

देवाशपथ सांगते, ह्यातला शब्द न् शब्द खरा हाय. पालीनं गनित सोडवलं ते तर शंभर टक्के खरं हाय, तिथं हसायचं न्हाई. हसायचं आसंल तर आत्ताच हसून घ्या आन् मंग गप ऐका.

तर कोरेगावच्या अलीकडं एका लहान गावात झेडपीची शाळा हाय. तिथं संयोगिता म्हनून बाई चौथीला शिकवती. तशी पोरगी गुनाची, पन तिला एक खोड. कुनी काय बी सांगितलं की इचारनार, "कशावरनं?" तिच्या सोताच्या लग्नात भटजी म्हनले, मुहूर्त लय चांगला लागलाय. तर अंतरपाटाच्या मागनं हिचा आवाज, "कशावरनं?" नवरदेवाला तवाच समजलं पुढं काय वाढून ठेवलंय ते.

मोबाईलवर एक मराठी ज्ञानकोश आसतोय बगा. छापील न्हवं. कुनी बी लिवायचं, कुनी बी दुरुस्त करायचं, पगार कुनालाच न्हाई. शाळा सुटली की संयोगिता त्यात डोकं घालून बसायची. कुनी लिवलं आमच्या गावची वांगी जगात भारी, की ही त्या वाक्याच्या शेपटीला चिकटवायची, 'संदर्भ हवा'. म्हंजी त्येच, कशावरनं. घरात ज्या खोडीला शिव्या पडायच्या, तिथं तिला मान हुता.

त्या ज्ञानकोशात तिनं शाळेतल्या संवादी फळ्याचं एक पान लिवलेलं. संवादी फळा म्हंजी खडूबिगरचा. भल्या मोठ्या टीव्हीवानी भिंतीवर बसतोय, बोट लावलं की चालतोय, चित्रं दावतोय, बोलतोय. पान साधं हुतं. फळा कसा चालतो, सोय काय, गैरसोय काय, लाईट गेल्यावर काय हुतंय. कुनाची तारीफ न्हाई, कुनाची निंदा न्हाई.

जुलैत एका दिशी तिनं पान उघडलं आन् बगतच ऱ्हायली. मधी कुनीतरी नवा मजकूर घातलेला:

'संवादी फळ्यांचा बादशहा, सांगली जिल्ह्याची शान! कुपवाडचा फळा घ्या, पोरगं पुढं न्या! ह्या फळ्यामुळे मुलांचे गुण चाळीस टक्क्यांनी वाढतात. शुभेच्छुक: समस्त मित्रमंडळ.'

त्यातल्या 'शुभेच्छुक'वरनंच तिनं वळखलं, हे काम दाजींचं.

दाजी म्हंजी उदयसिंह, तिच्या थोरल्या भनीचा नवरा. फौजेत सिग्नलला हवालदार हुता. रिटायर झाला आन् कुपवाडच्या कारखान्यांच्या वसाहतीत शेड घेऊन हे फळे जुळवाय लागला. कंपनीचं नाव मी सांगत न्हाई. सांगितलं तर मीच जाहिरात केली आसं व्हईल. मानूस दिलदार. देवळात चार पंखे दिले त्यानं, आन् चारी पंख्यांच्या पात्यापात्यावर सोताचं नाव रंगवून घेतलं. पंखा फिराय लागला की नावाचं नुसतं गोल भिंगरं दिसायचं, पन बंद पडला की वाचता यायचं. चौकात कुनाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला की शुभेच्छुकात पैला फोटो त्येचाच. त्येला वाटलं, ज्ञानकोश म्हंजी बी तसाच एक फ्लेक्स. जागा मोकळी दिसली, लावला.

संयोगितानं फोन केला. "आवं दाजी, हे काय घातलंय तुमी?"

"वाचलंस व्हय? कसं झालंय? 'बादशहा' तुझ्या ताईनं सुचवलं."

"ते काढावं लागंल. जाहिरात चालत न्हाई तिथं."

"जाहिरात कुठं हाय? मी पैसं कुठं दिलं त्येचं? खरं हाय ते लिवलंय."

"चाळीस टक्के गुण वाढत्यात? कशावरनं?"

"आली का गाडी तिथंच!" दाजी हसला. मंग जरा आवाज बदलला. "हे बग, संयोगिता. पंधरा ऑगस्टला तुझ्या शाळेला एक फळा फुकट देतो म्हनलोय न्हवं मी? फौजी मानूस हाय, जबान दिली ती दिली. पन मी तुझी भिंत सजवायची आन् तू माझी पाटी पुसायची, आसं कसं जमायचं? ती वळ ऱ्हायली, तर फळा येतोय. कळलं? ओके रिपोर्ट दे."

तिनं काय ओके दिला न्हाई. फोन ठिवला आन् वर्गाच्या भिंतीकडं बगितलं. तिथं पोरांनी जुना नकाशा उतरवून खडूनं एक मोठा चौकोन आखलेला. आत लिवलेलं, 'हितं फळा येनार. हात लावू नये.' रोज सकाळी पोरं त्या रिकाम्या चौकोनाला गुडमॉर्निंग करायची. आता बोला.

दुसरी कुनी आसती तर म्हनली आसती, एका वळीनं काय जग बुडतंय? संयोगिताच्या बी मनात आलंच ते. पन तिला खुपत हुतं ते येगळंच. चाळीसच का? पस्तीस का न्हाई? पन्नास का न्हाई? आकडा आभाळातनं तर पडत न्हाई, कुनाच्या तरी तोंडातनं पयल्यांदा पडला आसंल. कुनाच्या? आयतवारी तिनं कोरेगावला गाडी पकडली आन् सांगलीला उतरली. तिथनं रिक्षानं कुपवाड.

दाजी नेमका एका लग्नाला गेलेला. शेडमधी अजमल हुता, फळ्याच्या चौकटी बसवायचं काम त्येच्याकडं. हात काचेच्या भुग्यानं पांढरं झालेलं.

"या ताई, बसा. साहेब न्हाईत. च्या सांगू?"

"च्या नको. अजमलभाई, ते चाळीस टक्के कुठनं आले?"

अजमलनं भिंतीकडं बोट केलं. तिथं पेपरातलं कात्रन चौकटीत घालून टांगलेलं, वर हार. तिनं जवळ जाऊन वाचलं. 'मराठी ज्ञानकोशातील माहितीनुसार ह्या फळ्यामुळे मुलांचे गुण चाळीस टक्क्यांनी वाढतात.'

"आवं, आन् ज्ञानकोशात दाजींनी मागनं ह्याच पेपराचा दाखला चिकटवलाय!"

"तर हो," अजमल म्हनला. "पान म्हनतंय पेपरानं सांगितलं, पेपर म्हनतोय पानानं सांगितलं. दोघंबी एकमेकाच्या खांद्यावर बसलेत. खाली कोन उभं हाय ते इचारू नका."

"पन सुरवात कुठं झाली? पान लिवायच्या आदी?"

अजमलनं हात पुसलं. इकडं तिकडं बगितलं. "पलूसकडच्या एका शाळेत आमी पैला फळा बसवला, दिवाळी झाल्यावर. म्हैन्याभरानं तिथल्या हेडमास्तरांचा फोन आला. साहेबांनी स्पीकरवर टाकलेला, मी हितंच हुतो. मास्तर म्हनले, 'साहेब, फळा आल्यापासनं चाळीस टक्के वाढ झाली.' साहेबांनी लगीच सगळ्या शेडला पेढं वाटलं."

"वाढ कशात?"

अजमलनं डोकं खाजवलं. "ते... पेढ्याच्या नादात इचारायचंच ऱ्हायलं, ताई."

 गोष्ट सांगनारी म्हातारी मधीच झोपली की पोराला जसं हुतंय, तसं संयोगिताला झालं. सोमवारची रजा टाकली, रातभर सांगलीत भनीकडं ऱ्हायली. दाजी घोरत हुता, त्येला पत्ता लागू दिला न्हाई. सकाळी उठून तिनं पलूसची यष्टी धरली.

ते हेडमास्तर बदलून गेलेले. नव्या मास्तरांना काय म्हायती न्हवतं. पन खिचडी करनारी धोंडुबाई तिथंच हुती. पातेलं भुईला टेकवून, वाटानं निवडत बसलेली. ती बगा, तिला सगळं म्हायती आसतंय. शाळंत किती पोरं आली हे हजेरीच्या आदी तांदळाला कळतंय.

"चाळीस टक्के? व्हय, ते माझंच!" धोंडुबाई म्हनली. "मीच सांगितलं मास्तरला, तांदूळ पुरंना, पोरं वाढल्यात म्हनून. पन्नास हुती, सत्तर झाली. मास्तरनं कागदावर काय काय केलं आन् म्हनला, चाळीस टक्के वाढ! लगीच फोन लावला."

"फळा बगायला आली व्हय एवढी पोरं?"

धोंडुबाईनं वाटाना टाकला आन् तिच्याकडं आसं बगितलं की बाई शिकलेली हाय का न्हाई. "फळा? आगं बाई, दिवाळी झाली की ऊस तोडायला टोळ्या येत्यात न्हवं! बीडकडनं, जतकडनं. पल्याडच्या रानात त्येंच्या कोप्या, म्हंजी पाचटाच्या झोपड्या, उभ्या ऱ्हायल्या, त्येंची वीस पोरं शाळंत आली. साखर कारखान्याचा हंगाम सरला, टोळ्या गेल्या, पोरं गेली. आता परत पन्नासच. फळा हाय तिथंच हाय."

संयोगिता पायरीवर बसली आन् हसली, हसली, डोळ्यातनं पानी येईस्तवर हसली. गुन वाढलेलं न्हाईत, खिचडी वाढलेली!

"मंग ह्या फळ्याचा कायच उपयोग न्हाई व्हय?" तिनं इचारलं.

"आसं कसं? पोरांना लय आवडतोय. चित्रं दिसत्यात, गानी लागत्यात. आन् आमच्या मॅडमनी तर त्येच्यावर गनित सोडवलं."

"कुठल्या मॅडम?"

धोंडुबाई तिला वर्गात घेऊन गेली. फळा चालू हुता. त्यावर गनित: सात आठे किती? खाली तीन उत्तरं, चोपन्न, छप्पन्न, अठ्ठावन्न. बरोबरला बोट लावायचं. पोरं चुळबुळ करत हुती, कुनी उठंना. तेवढ्यात छपराच्या वाशावरनं एक जाडजूड पाल उतरली. फळ्याच्या काचेवर सरसर आली, चोपन्नपाशी थांबली, इचार केल्यागत मान हलवली, आन् पुढं जाऊन छप्पन्नवर पोट टेकवलं. फळ्याला काय, बोट काय आन् पाल काय! टुंग वाजलं, फळ्यातनं टाळ्या पडल्या, आन् आतली बाई म्हनली, "शाब्बास!" पोरं एकसुरात वरडली, "थँक्यू मॅडम!"

संयोगिताच्या हातात मोबाईल हुता. तिला लय वाटलं, ह्ये पानात घालावंच. पन मंग संदर्भ काय द्यायचा? पाल?

घरी येऊन ती बसली. आता तिला आतनं बाहेरनं सगळं म्हायती हुतं, पन ज्ञानकोशाची रीत अशी, की सोता जाऊन बगून आलेलं तिथं चालत न्हाई. कुनीतरी तिऱ्हाईतानं तपासून छापलेलं पायजे. म्हंजी चाळीस टक्के खरं हाय हे बी लिवता येत न्हाई, आन् खिचडी वाढली हे बी न्हाई. वळ काढायची तेवढी हातात. पन काढनारी कोन? त्याच मानसाची मेव्हनी, आन् त्येच्याकडनं फळा घेनारी! तिनं ठिवलं तर लोक म्हननार लोभापायी, काढलं तर रागापायी. कोन इस्वास ठेवनार?

पान लिवनाऱ्यांनी एकमेकांशी बोलायला पानामागं एक जागा आसती. तिथं तिनं सरळ लिवलं, 'ज्यांनी हा मजकूर घातला ते माझे दाजी आहेत. त्यांनी माझ्या शाळेला फळा देऊ केला आहे. त्यामुळे मी ह्याला हात लावत नाही. पेपर आपल्याच पानाचा दाखला देतो आहे, एवढं बघा आणि कुणी तिऱ्हाईतानं ठरवा.' आन् बटन दाबायच्या आदी वर्गातला तो खडूचा चौकोन एकदा डोळ्यापुढं आनला. दाबलं.

दुसऱ्या दिशी सकाळी कुना अनोळख्यानं मजकूर काढलेला. खाली दोन वळी, 'स्वतंत्र संदर्भ मिळाला नाही. दाजींना नमस्कार.'

दाजींचा नमस्कार मातर आला न्हाई. फोन बी न्हाई. मंग तिनंच लावला आन् सगळं सांगितलं, पेढं, खिचडी, टोळ्या, सगळं.

"म्हंजी मी खोटारडा?" दाजी गरजला.

"न्हाई दाजी. तुमी इचारलं न्हाई, एवढंच. पंख्यावर नाव घालताय ते घाला, कोन अडवतंय? पन वाऱ्यावर घालू नका. वारा सगळ्यांचा हाय."

फोन कट.

ऑगस्ट आला. पोरं चौकोनाला गुडमॉर्निंग करतच हुती. संयोगितानं त्येंना कसं सांगायचं ह्याची रोज तयारी केली आन् रोज गिळली. पंधरा तारखेला झेंडा वर गेला, जनगनमन झालं, आन् गेटातनं टेम्पो आत आला. फुडं अजमल, मागं गोधडीत गुंडाळलेला फळा.

"दाजी आले न्हाईत?" तिनं इचारलं.

"लाजत्यात," अजमल हळूच म्हनला. "तुमचा फोन झाल्यावर फटफटी काढून पलूसला गेलेले. धोंडुबाईकडं बसून हजेरीचं वरीसभराचं आकडं सोता मोजलं. पालीला बी भेटले."

पोरांनी गोधडी ओढली. फळ्याच्या चौकटीवर लाल आईलपेंटनं, पंख्यावर आसतंय तसंच, ठसठशीत लिवलेलं: 'हवालदार (निवृत्त) उदयसिंह यांजकडून सप्रेम भेट.' आन् त्येच्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरात: 'गुण वाढतीलच असे नाही.'

संयोगितानं ते दोनदा वाचलं. आन् त्या दिशी, जन्मात पैल्यांदा, तिनं कशावरनं म्हनून इचारलं न्हाई.

आता मी शपथ घेतलीय म्हनून एक सांगून टाकते. पाल खरी हाय, पेंट खरा हाय, अंतरपाट तर खराच हाय. पन त्या ऊसतोड्यांची पोरं वीस न्हवती. एकोनीस हुती. मास्तरनं अडतीस टक्क्यांचं कागदावर चाळीस केलं, आन् इसावं पोर मी घातलं. तुमी ही गोष्ट कुठं लिवायला घेतली, तर तेवढं एक पोर वजा करा.