दोन चमचे तेल

"तेल-तुपाशिवाय या सृष्टीत काहीही वाढत नाही," माजी सरपंच रामकिसनरावांनी भाकर मोडता मोडता जाहीर केलं.

"ते तुमच्या पोटाकडं पाहून समजते," रंगूबाई म्हणाल्या आणि बिनफोडणीचं वरण नवऱ्याच्या ताटात ओतलं.

हृदयात स्प्रिंग बसल्यापासून रामकिसनरावांना दिवसाला दोनच चमचे तेल मिळे. सून वैभवी ते मोजून त्यांच्या जवसाच्या चटणीवर सोडी. पण सध्या त्यांचा जीव ताटात नव्हता. मागच्या खोलीत टांगलेल्या वीस पिशव्यांत होता. सोयाबीनच्या कुटारावर, म्हणजे मळणीनंतरच्या भुशावर, मशरूम घ्यायची वैभवीची ही तिसरी खेप. पहिल्या दोन्ही खेपांना कुटार नुसतं सडलं. आता हेही गेलं तर खोलीला कुलूप लावून, लेकीला घेऊन ती पुण्याला नवऱ्याकडे जाणार होती. न भांडता सांगितलं होतं तिनं, म्हणून ते जास्त खरं वाटत होतं.

रामकिसनराव अर्ध्या भाकरीवरून उठले.

"मामाजी, कुठं चालले?" सुनेनं विचारलं.

"हात धुवाले."

"मोरी इकडं हाय. तिकडं मशरूम हाय."

ते परत बसले. मग पुन्हा उठले.

शेवटी वैभवीनंच दार उघडलं. चौदा पिशव्यांत मशरूमचं पांढरं जाळं जेमतेम निम्म्यावर आलेलं. पाच मात्र कापसासारख्या गच्च पांढऱ्या, वर बारीक कळ्या. आणि कोपऱ्यातली एक हिरवीगार, बुरशीनं खाल्लेली. वैभवीनं ती फाडली, कुटार बोटांत चोळलं, हुंगलं.

"मामाजी, यात जवसाची चटणी कशी आली?"

रामकिसनराव छताकडं पाहू लागले.

"शेलूबाजारच्या मशरूमच्या शिबिरात सायेब म्हणे, कुटारात जरासं तेल मुरलं की जाळं जोरानं धरते. जास्त झालं की सडते. जरासं म्हंजे किती, ते इचाराचं राह्यलं." त्यांनी नजर खाली आणली. "रोजचं तेल चटणीवरून निथळून खोकल्याच्या बाटलीत जमा केलं. पिशव्या भरताना पाच-सहांत टाकलं. बाटलीच्या बुडातली चटणी शेवटच्या पिशवीत गेली."

"तरीच मी म्हनो, हा मानूस चटणी कोरडी काहून खाऊन राह्यला," रंगूबाई पुटपुटल्या.

हातातलं कुटार वैभवीनं उगाच बराच वेळ निवडलं.

चौथ्या दिवशी पहिली तोडणी झाली. टोपली मांडीवर घेऊन तिनं पुण्याला फोन लावला.

"आमी नाही येत. दिवाळीले तुमीच या. अन् येताना मशरूमचं बियाणं घेऊन या."

रात्री रामकिसनरावांच्या ताटात पहिला मान पडला: पाण्यात उकडलेले, मीठ लावलेले, पांढरेफटक मशरूम. वैभवी समोर बसली.

"बोला मामाजी. आज बोलाचा दिवस हाय तुमचा."

रामकिसनरावांनी घसा साफ केला. सृष्टीबद्दल त्यांच्या मनात बरंच काही तयार होतं. त्यांनी ताटाकडं पाहिलं, मग सुनेकडं.

"माय," ते हळूच म्हणाले, "आजचे दोन चमचे या मशरूमवर सोडतं का?"