इरकलीची कुंची

"अण्णा, कुंची झाली का? उद्या बारसं, आणि तू अजून कापडसुद्धा कापलं नाहीस!" गिरीराज दुकानाच्या उंबऱ्यावरूनच ओरडला.

"सरी, सरी. होईल की. स्वल्प दम खा," पवनकुमार मशीनवरची मान वर न करता म्हणाला. धाकटा भाऊ गेल्यावर त्यानं पुढ्यातली साडी ओढली.

कानडी मुलखातल्या मल्लेश्वरममधलं हे शिंप्याचं दुकान आजोबांचं. पवनकुमारनं कापड बेतलं की गिऱ्हाईक निर्धास्त असे, पण आज हात चालत नव्हता. पुढ्यात आईची लग्नातली इरकल होती. थोरल्याच्या, म्हणजे पवनकुमारच्या, पोराला तिची कुंची शिवायची म्हणून आईनं, सावित्रीबाईंनी, ती ट्रंकेत जपली होती. त्याच्या लग्नानंतर सात वर्षं वाट पाहिली आणि परवा धाकट्याच्या पोरासाठी काढून दिली.

भावाचं भलं झालं म्हणून आपल्या पोटात दुखावं, हे त्याचं त्यालाच बरं वाटत नव्हतं. पण दुखत होतं. दर शनिवारी दोघे एकाच बाटलीतून प्यायचे, सिगरेटही एकाच पाकिटातली. मग पाळणा त्याच्याच घरी का हलावा? डॉक्टरांना त्यानं हेच विचारलं होतं.

"सगळ्यांना सारखंच भोवतं असं नाही," डॉक्टर म्हणाले होते. "तुमचे शुक्राणू कमी आहेत आणि दुबळे आहेत. बहुतेक धूर आणि दारूनंच. दोन्ही सोडा. नवे तयार व्हायला तीनेक महिने लागतात, मग पुन्हा तपासू. यांच्यात काही दोष नाही."

'यांच्यात' म्हणजे शेजारी बसलेल्या बायकोत, रूपश्रीत. घरी येऊन दोघंही गप्प राहिली. ती नवऱ्याची लाज राखायला गप्प, आणि तो सोयीचं होतं म्हणून. सावित्रीबाई आपल्या रोज सकाळी सुनेला मूल व्हायचा कषाय, म्हणजे जडीबुटीचा काढा, उकळून देत राहिल्या.

पवनकुमारनं सिगरेट पेटवली. सोडली थोडीच होती! सगळं त्यालाच मिळतं, आता आईची इरकलही त्यालाच, असं घोकत त्यानं कात्री चालवली, शिवण घातली, आणि राख झटकायची राहून गेली. कुंचीच्या ऐन कपाळावर तुरीच्या डाळीएवढं भोक पडलं. खोटं कशाला बोला, आधी त्याला बरंच वाटलं. मग घाम फुटला. त्यानं काठातला तुकडा कापून वर ठिगळ लावलं.

बारशाला ते लपलं नाही. शेजारच्या कमलाअक्कांनी कुंची उलटसुलट पाहिली. "अय्यो, नव्या कुंचीला ठिगळ? कुणाची नजर लागली गं?" आणि त्यांनी दाराशी पेढ्यांचं ताट घेऊन उभ्या असलेल्या रूपश्रीकडे पाहिलं.

सावित्रीबाई हळूच म्हणाल्या, "रूपश्री, तू स्वल्प आतच थांब. पाळण्याला हात नको."

रूपश्री मागे सरली. पवनकुमार पुरुषांतून उठला.

"नजर कसली, आई? माझ्या सिगरेटनं जळली ती."

"बरं बरं. बस तू."

"आणि उद्यापासून तिला कषाय देऊ नकोस. दोष माझ्यात आहे. ह्या सिगरेटनं, दारूनं. डॉक्टरांनी सांगितलंय."

गिरीराज सतरंजीकडे बघत राहिला. त्याची बायको अमृता उठली आणि तिनं बाळ रूपश्रीच्या हातात दिलं. "अक्का, तुम्हीच ठेवा पाळण्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात कषायाचा तोच वास होता. सावित्रीबाईंनी पेला भरला आणि तो पवनकुमारच्या पुढ्यात ठेवला.

त्यानं एक घोट घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. "इतका कडू?" त्यानं बायकोकडे पाहिलं.

"रोज एवढाच असतो," रूपश्री म्हणाली आणि तव्याकडे वळली.

पेला रिकामा होईपर्यंत सावित्रीबाई समोरून हलल्या नाहीत.